हिरव्या खुणेची जबाबदारी

हिब्रू भाषेत 'बदिका' हा मोठा सोयीचा शब्द आहे. दवाखान्यात रक्त तपासले ती बदिका. पेसाहच्या आदल्या रात्री मेणबत्ती घेऊन घरातले खमीर शोधले ती बदिका. आणि आपल्यापैकी ज्यांची मुले-नातवंडे संगणकाच्या कंपन्यांत 'सॉफ्टवेअर तपासतात', त्यांचे कामही बदिकाच. आम्ही परिचारिका म्हणून आयुष्यभर माणसांची बदिका केली. त्या आधारावर, बातम्या देणाऱ्या कंपनीत यंत्राकडून तपासणी करवून घेणाऱ्या अभियंत्याची जबाबदारी कुठे संपते, या प्रश्नाचा थोडा विचार वाचकांपुढे मांडतो.

प्रथम हे काम काय असते ते पाहू. वृत्तपत्राचे संकेतस्थळ आणि फोनवरचे ॲप यांत सतत फेरफार होत असतात. प्रत्येक फेरफारानंतर शेकडो पाने निरनिराळ्या फोनांवर उघडून पाहणे माणसाला अशक्य. म्हणून अभियंता तपासणीचा प्रोग्राम लिहितो. २००४ साली निघालेल्या सेलेनियमसारखी साधने वाचकाप्रमाणेच पान उघडतात, मथळ्यावर टिचकी मारतात, छायाचित्र दिसते का, वर्गणीदाराला आत घेतले जाते का, हे पाहतात. सर्व जुळले तर हिरवी खूण, न जुळले तर लाल. हिरवी मिळाली की फेरफार वाचकांपर्यंत जायला मोकळा.

पण हिरवी खूण सांगते तरी काय? जेवढे विचारले तेवढे बरोबर आहे, एवढेच. हे आम्हांला वॉर्डात शिकायला मिळते. बंद खोलीत शेगडीचा धूर लागलेला रोगी आणला, तर त्याच्या बोटावरचे साधे ऑक्सिमीटर उत्तम आकडा दाखवू शकते. कार्बन मोनॉक्साइड धरून बसलेले रक्त आणि प्राणवायूने भरलेले रक्त यांतला भेद त्या यंत्राला कळत नाही. यंत्र लबाड नाही. जे पाहायला शिकवले तेच ते पाहते. रोग्याकडे नीट पाहून "शेगडी कुठे होती?" हे विचारणे माणसाचे काम.

बातम्यांच्या जगातही असे घडले आहे. लॉस एंजेलिस टाइम्समध्ये भूकंपाची सरकारी सूचना येताच बातमी तयार करणारा 'क्वेकबॉट' नावाचा प्रोग्राम होता. २१ जून २०१७ रोजी त्याने सांता बार्बरा येथे ६.८ तीव्रतेचा भूकंप झाल्याचे वृत्त दिले. भूकंप खरा होता, पण १९२५ सालचा! त्याच्या जुन्या नोंदी सुधारल्या जात असताना सूचना चुकून सुटली. तिच्यावर साल होते २०२५, म्हणजे आठ वर्षे पुढचे. पुढे १६ नोव्हेंबर २०२० रोजी फ्रान्सच्या आर.एफ.आय. नभोवाणीचे संकेतस्थळ नव्या यंत्रणेवर नेताना आगाऊ लिहून ठेवलेले सुमारे शंभर मृत्युलेख प्रसिद्ध झाले. त्यांत राणी एलिझाबेथ होत्या, फुटबॉलपटू पेले होते. त्या दिवशी दोघेही हयात होते. दोन्ही ठिकाणी कोणा बातमीदाराने खोटे लिहिले नव्हते. तारीख उद्याची तर नाही ना, राखून ठेवलेला मजकूर बाहेर तर पडत नाही ना, असा एखादा साधा प्रश्न वाटेत आडवा यायला हवा होता.

आपल्यासारख्या दूर राहणाऱ्यांना याचे मोल अधिक. नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला, नरिमन हाऊस वेढले गेले, तेव्हा लोद, अश्दोद, दिमोना येथे आपली माणसे रात्ररात्र बातम्यांपुढे बसली होती. ज्याला स्वतः जाऊन पाहता येत नाही, त्याचे डोळे म्हणजे बातमी.

कोणी म्हणेल, "बातमी खरी की खोटी हे संपादक पाहील, तपासनीसाने बटण चालते का एवढे पाहावे." यात तथ्य आहे. औषध डॉक्टर ठरवतो, नर्स नव्हे. पण चिठ्ठीवर भलतेच प्रमाण दिसले तर जी नर्स मुकाट्याने सुई टोचते, तिला आम्ही चांगली नर्स म्हणत नाही. अभियंत्याने न्यायाधीश व्हावे असे आम्ही म्हणत नाही. मात्र काय तपासायचे हे ठरवताना तो काही अंशी नीतीचाच निर्णय घेत असतो.

म्हणून आमच्या मते त्याच्यावर तीन कर्तव्ये येतात. पहिले, घडायला हवे त्याबरोबर जे कधीच घडू नये तेही तपासावे. आणि चूक ज्यांच्या फोनवर गेली त्यांच्यापर्यंत दुरुस्तीही पोचते का, हे आवर्जून पाहावे. दुसरे, लाल खुणेचा मान राखावा. काही चाचण्या विनाकारण कधी लाल, कधी हिरव्या होतात. मग घाईत हिरवे येईपर्यंत पुन्हा पुन्हा चालवण्याची सवय लागते. ज्या वॉर्डात गजर सारखे वाजतात तिथे खरा गजर कोणाच्या कानी पडत नाही. तेव्हा अशी चाचणी दुरुस्त करावी, नाहीतर काढून टाकावी. तिसरे कर्तव्य सर्वांत अवघड: काय तपासले नाही, ते वरिष्ठांना स्पष्ट सांगावे.

पेसाहच्या बदिकेनंतर घरधनी एक घोषणा करतो: जे खमीर आपल्या दृष्टीस पडले नाही, त्यावरही आपला हक्क उरला नाही. म्हणजे कितीही शोधले तरी मेणबत्तीचा उजेड न पोचलेला कोपरा राहतोच, हे पूर्वजांनी गृहीत धरले होते. संगणकातले न दिसलेले दोष घोषणेने नाहीसे होत नाहीत, हे खरे. पण कोपरा राहिला आहे असे मोठ्याने सांगितले तर दुसरा कोणी तिथे दिवा नेऊ शकतो. या कामातली आपली मुले घरी येतील तेव्हा पगाराची चौकशी झाल्यावर हेही विचारावे: "बाळा, आज काय तपासायचे राहिले, आणि ते कोणाला सांगितलेस?"