खाडाखोड

१८५५ साल. पुण्यात फुले दांपत्याच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे, वय अवघं १४, मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिते. ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात तो छापून येतो. ज्यांना वेद वाचायचीही मुभा नाही, त्यांचा धर्म तरी कोणता, हे ती थेट देवालाच विचारते. असा प्रश्न फळ्यावरून उतरवून घेता येत नाही. तो स्वतःच्या हातानं लिहितानाच सापडतो.

आज घरात मूल निबंधाला बसतं. पेन्सिलचं टोक चावतं, वाक्य खोडतं, पुन्हा लिहितं. आपल्याला राहवत नाही, आपण गाईड पुढे सरकवतो. कृपा करून तेवढं टाळा. त्या खाडाखोडीतच त्याचा विचार चाललेला असतो. शेजारी नुसतं बसा आणि लिहून झालं की म्हणा, “वाचून दाखव बरं.”