टाकून दिलेले उत्तर

वर्गसमीकरणाचा जन्म जमिनीवर झाला, हवेत उडणाऱ्या वस्तूशी त्याची गाठ फार उशिरा पडली. इसवी सनापूर्वी सुमारे १८०० च्या बॅबिलोनी मातीच्या पाटीवर एक उदाहरण आहे: चौरसाचे क्षेत्रफळ आणि बाजू यांची बेरीज पाऊण, तर बाजू किती? उत्तर, अर्धा. आज आपण वजा दीड हेही मूळ काढू. पण चौरसाची बाजू वजा दीड कशी असेल? पाटी लिहिणाऱ्याला तो प्रश्नच पडला नाही. नवव्या शतकात बगदादच्या अल-ख्वारिझ्मीनेही फक्त धन मुळेच मानली.

भारतात ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये ऋण संख्यांचे नियम घालून दिले. तरीही ऋण उत्तराचे काय करायचे, हा पेच राहिलाच. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त माकडांचे एक उदाहरण आहे. कळपाच्या पाचव्या हिश्शातून तीन वजा करून आलेल्या संख्येच्या वर्गाइतकी माकडे गुहेत गेली, एक फांदीवर दिसते. तर एकूण किती? उत्तरे दोन: ५० आणि ५. दोन्ही धन, दोन्ही समीकरणात चपखल बसतात. पण ५ घेतले तर पाचवा हिस्सा एक, त्यातून तीन वजा कसे करणार? भास्कराचार्य ते उत्तर नाकारतात, कारण अशी ऋण राशी लोकांना पटत नाही. सूत्राने जे दिले, ते त्यांनी मूळ प्रश्नाकडे परत नेऊन तपासले.

इकडे युरोपात तोफगोळ्याची वाट कशी असते, यावर खल चालला होता. तार्ताल्याने १५३७ मध्ये ती आधी सरळ, मग वर्तुळाचा तुकडा, मग पुन्हा सरळ खाली अशी रेखाटली. ती अन्वस्त असते हे गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात सिद्ध केले. आडवी गती एकसारखी, उभी गती दर क्षणाला बदलणारी; पडण्याचे अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात. वर्ग आला, पण समीकरण नाही. गॅलिलिओची सिद्धता भूमितीची आणि प्रमाणांची आहे. वक्ररेषा समीकरणाने मांडण्याची देकार्तची रीत त्याच्या आदल्याच वर्षी छापली गेली होती. या दोन वाटा पुढे एकत्र आल्या, तेव्हा जुन्या ऋण मुळाला नवे घर मिळाले.

ते असे. १५ मीटर उंच गच्चीवरून चेंडू सेकंदाला १० मीटर वेगाने सरळ वर फेकला. गुरुत्वत्वरण १० धरू, हवेचा विरोध सोडून देऊ. जमिनीवर पडायला लागणारे सेकंद क्ष मानले, तर क्ष² − २क्ष − ३ = ०. मुळे ३ आणि −१. आता हे −१ निरर्थक नाही. फेकण्याच्या एक सेकंद आधी कोणी जमिनीवरून सेकंदाला २० मीटर वेगाने चेंडू वर उडवला असता, तर तो शून्य क्षणी बरोबर गच्चीपाशी, नेमक्या १० मीटर वेगाने वर जात असता. पुढची सारी वाट तीच. समीकरणाला उंची आणि वेळेच्या आलेखाची अख्खी अन्वस्त ठाऊक आहे. आपण मध्येच कुठून सुरुवात केली, हे नाही.

चौरसाची बाजू आणि वेळ यांतला फरक इथे आहे. बाजूचे शून्य ठरलेले असते, त्याखाली काही नाही. वेळेचे शून्य आपण लावतो. त्याच्या मागेही वेळ असतेच. म्हणून ‘वेळ ऋण नसते’ असे लिहून −१ खोडणे चुकीचे आहे, उत्तर बरोबर आले तरी. खरे कारण वेगळे: हे समीकरण चेंडू हातातून सुटल्यापासूनच लागू आहे, त्याआधी तो हातात होता. विद्यार्थ्याने ही एक ओळ लिहिली, तर त्याने नुसते समीकरण सोडवलेले नसते, ते कुठपर्यंत खरे आहे हेही सांगितलेले असते.