मोजलेल्या माणसांचं ऋण

टेक्ससच्या विधिमंडळाच्या कनिष्ठ सभागृहात 150 जागा आहेत. 2020च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या भरली 2,91,45,505. भागाकार केला की एका आमदाराच्या वाट्याला साधारण 1,94,000 माणसं येतात. यात पाळण्यातलं बाळ येतं, ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षं ताटकळणारा इंजिनियर येतो, कागदपत्रं नसलेला गवंडीही येतो. मत यांपैकी कुणालाच देता येत नाही. जागा यांच्या डोक्यांवर उभी राहते, पण त्या जागेवर कुणी बसायचं हे यांना कुणी विचारत नाही. मग निवडून येणारा यांचं काही देणं लागतो का? आधी साताऱ्यात आणि नंतर टेक्ससमधल्या प्लेनोत, मी जन्मभर दुसऱ्यांची खाती जुळवली. देण्याघेण्याचा विषय निघाला की मला गप्प बसवत नाही.

मार्चमधल्या प्रायमरीच्या आधी मी एका उमेदवारासाठी दारोदार फिरत होते. फोनवरच्या ॲपमध्ये नकाशा असतो आणि त्यावर ठिपके. ठिपका असेल ते दार वाजवायचं, बाकीची सोडून पुढे जायचं, कारण यादी नोंदलेल्या मतदारांची असते. आमच्या भागातल्या एका अपार्टमेंटच्या इमारतीत 24 दारं होती आणि ठिपके तीन. जिन्यात चपलांचे स्टँड, कुणाच्या उंबऱ्यावर प्लास्टिकची रांगोळी, एका दारातून आलं-लसणाच्या फोडणीचा वास. अशी सगळी नांदती घरं आणि मी मात्र तीनच दारं वाजवणार. उतरताना एका मुलीनं आपणहून दार उघडलं. नाशिकची होती, नवरा एच-वन-बी व्हिसावर. माझ्या हातातली पत्रकं बघून म्हणाली, "काकू, आमच्याकडे नाही का आलात?" मी म्हटलं, "तुमचं मत नाही ना गं इथे." ती म्हणाली, "मत नसलं म्हणून काय झालं, पोरगा तर इथल्याच शाळेत जातोय की."

तिचं म्हणणं हिशेबाला धरून होतं. या राज्यात उत्पन्नावर राज्याचा कर नाही. शाळा बऱ्याच अंशी घरपट्टीवर चालतात, आणि भाडेकरूच्या भाड्यात मालकाची घरपट्टी आलेलीच असते. दुकानात सव्वासहा टक्के राज्याचा विक्रीकर लागतो, वर गावाचा वेगळा. तो घेताना कुणी पासपोर्ट मागत नाही.

पुढे वाचनालयाच्या सभागृहात उमेदवारांना एकत्र बसवून प्रश्न विचारण्याचा कार्यक्रम झाला. एकाचं म्हणणं स्पष्ट होतं: मतदारसंघ आखताना फक्त नागरिक मोजा. कागदपत्रं नसलेल्या मुलांना फुकट शाळा नाकारू नका, असं सर्वोच्च न्यायालयानं 1982 साली याच राज्याला बजावलं होतं. तो निकालही त्याला पुन्हा तपासून हवा होता. दुसऱ्या बाई म्हणाल्या, स्थलांतर हा वॉशिंग्टनचा विषय, आपल्या हातात काही नाही. (बेकायदा सीमा ओलांडणं हा राज्याचाही गुन्हा ठरवणारा कायदा याच विधिमंडळानं 2023 साली केला, त्यामुळे हे उत्तर म्हणजे निव्वळ अंग काढून घेणं होतं.) तिसरा, म्हणजे आमचा, सीमा आखायचं काम आमदारांकडून काढून कॅलिफोर्निया-ॲरिझोनासारखं स्वतंत्र आयोगाकडे द्या म्हणत होता. 2025च्या ऑगस्टमध्ये अमेरिकी काँग्रेसच्या जागांचा नकाशा दशकाच्या मध्येच बदलू नये म्हणून त्याच्या पक्षाचे आमदार राज्य सोडून इलिनॉयला जाऊन बसले होते. गणपूर्तीला शंभर जण लागतात, म्हणून ती युक्ती. नकाशा शेवटी मंजूर झालाच.

आयोग असावा हे मलाही पटतं. पण रेघ कुणी ओढायची हा पुढचा प्रश्न. पहिल्या उमेदवारानं त्याच्या आधीच्या, मोजायचं कुणाला या प्रश्नाला हात घातला होता आणि तो टाळता येत नाही. हेच भांडण टेक्ससमधून सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 2016 साली त्याचा निकाल लागला. दोघा मतदारांची तक्रार अशी की आमच्या सिनेट मतदारसंघात मतदार जास्त, शेजारी कमी, म्हणून आमच्या मताचं वजन घटतं. न्यायालयानं एकमतानं सांगितलं की राज्य सगळी माणसं मोजू शकतं. न्यायमूर्ती गिन्सबर्ग यांनी कारण दिलं की धोरणाशी मत नसलेल्यांचाही संबंध असतो, आणि आमदार त्यांचाही प्रतिनिधी असतो. राज्यानं मनात आणलं तर फक्त मतदार मोजावेत का, हे मात्र मोकळं ठेवलं.

निकाल मला मान्य आहे, पण 'त्यांचाही प्रतिनिधी' हे ऐकलं की मी सावध होते. 1765च्या स्टँप ॲक्टच्या वेळी लंडनच्या पार्लमेंटनं अमेरिकेतल्या वसाहतींना हेच ऐकवलं होतं: मँचेस्टरचा तरी कुठे खासदार आहे, तरी आम्ही त्याचे प्रतिनिधी, तसे तुमचेही. वसाहतींनी ते धुडकावलं आणि त्यातून हा देश झाला. मोजणीनं मान मिळतोच असंही नाही. 1787 साली घटना लिहिताना गुलामांना पूर्ण मोजा असा आग्रह धरणारे दक्षिणेतले मालकच होते. गुलामांची डोकी जितकी जास्त धरली जातील तितक्या मालकांच्या जागा वाढणार होत्या. तडजोड तीन-पंचमांशावर झाली. आजही टेक्ससमधला कैदी तुरुंग ज्या गावात असेल तिथे मोजला जातो, आणि त्याच्या डोक्याचं वजन त्या गावच्या मतदारांना मिळतं.

मग प्रतिनिधीचं हे देणं येतं कुठून? शतपथ ब्राह्मणात म्हटलंय की माणूस जन्मतो तोच ऋण घेऊन. देवांचं, ऋषींचं, पितरांचं ही तीन ऋणं आपण लहानपणापासून ऐकतो. तिथे चौथंही सांगितलंय, माणसांचं, आणि ते आसरा आणि अन्न देऊन फिटतं. या कल्पनेतला मला आवडणारा भाग हा की ऋण काढायला सही लागत नाही. ते आधीच अंगावर असतं. आमच्या सीपीएच्या जगात असलं खातं कुणी मान्य करणार नाही.

मुलाशी यावरून वाद झाला. तो म्हणाला, "आई, त्या दोघा मतदारांची तक्रार खरीच आहे ना? तुझ्या मतदारसंघात अपार्टमेंटं जास्त, मतदार कमी, म्हणजे तुझं एक मत निवृत्त लोकांच्या वस्तीतल्या मतापेक्षा भारी." गणित बरोबर आहे. पण ते जास्तीचं वजन माझं नाही, त्या नाशिकच्या मुलीचं आणि तिच्या पोराचं आहे. माझ्याकडे ते नुसतं ठेवीसारखं आलंय. म्हणजे देणेकरी एकटा आमदार नव्हे, मीही. मत देताना तिच्या पोराच्या शाळेचा विचार मी केला नाही, तर पहिल्या उमेदवाराचं म्हणणं खरं ठरतं: दुसऱ्याच्या डोक्यावर मी माझं मत फुगवून घेतलं. तो म्हणतो तशी मोजणी बदलली तर ठेव परत जाणार नाही, बुडणार. पोरगा इथे जन्मलेला, म्हणजे नागरिक. पण मोजणी मतदारांपुरती झाली तर तोही गेला.

साताऱ्यात दर हंगामात बीडच्या ऊसतोडीच्या टोळ्या येत. फडाशेजारी पाचटाच्या कोप्या पडत, सहा महिने माणसं तिथेच राहत. गावचा पुढारी मुकादमाशी बोले, कोपीत कधी डोकावत नसे. त्यांची नावं बीडच्या यादीत, त्याला काय त्यांचं? इथला आमच्या उमेदवाराचा प्रचारप्रमुख तसा चांगला मुलगा, पण हिशेब त्याचाही तोच. मी सगळी दारं वाजवते म्हटल्यावर तो समजावून सांगायला लागला की एका माणसाकडून तासाला पंधरा-वीसच दारं होतात, ती मत नसलेल्यांवर घालवली तर आपण हरू. त्याच्या वहीत ते चूक नव्हतं.

वाचनालयातल्या कार्यक्रमाच्या शेवटी मी उभी राहिले आणि तिघांनाही एकच प्रश्न विचारला: तुमच्या मतदारसंघात मत नसलेली माणसं किती? दुसऱ्या बाईंनी विषय बदलला. आमचा उमेदवार म्हणाला, नक्की आकडा आत्ता जवळ नाही, कार्यालयातून पाठवतो. पहिल्याला टक्केवारी तोंडपाठ होती, मुलं वेगळी आणि परदेशी वेगळे. मी मत आमच्या उमेदवारालाच दिलं. आकडा अजून आलेला नाही.