वखारीतल्या बायकांनी सांगितलेली गोष्ट

दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये वाटाण्याच्या रोपासमोर कॅमेरा ठेवला आणि रोज थोडं थोडं चित्रण केलं. सिनेमाच्या धंद्यात पैसा घालणाऱ्याची खात्री पटावी, एवढाच ‘अंकुराची वाढ’चा हेतू होता. मला मात्र माहितीपटात गोष्ट कशी घडते याचा पहिला धडा त्यात दिसतो. त्याआधी १८९९ मध्ये सावेदादा भाटवडेकरांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली होती आणि पुढे रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतल्यावर झालेलं स्वागतही. पण कुस्तीला आणि स्वागताला सुरुवात-शेवट आयता मिळतो. रोपाचं तसं नव्हतं. कधी पाहायचं आणि किती वेळानं पुन्हा पाहायचं, हे फाळक्यांना ठरवावं लागलं.

प्रसंग घडत नसतानाही गोष्ट चालू असते, हे माहितीपटाला उमगायला पुढे बराच काळ जावा लागला. कर्नाटकातल्या आमच्या मराठी सीमाभागात तर ते अजून पुरतं उमगलेलं नाही. बेळगावजवळच्या आमच्या कडोलीत काय किंवा बेळगाव शहरात काय, बाहेरचा कॅमेरा येतो तो बहुतेक १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाला, नाहीतर मोर्चाला. घोषणा टिपल्या, पुढाऱ्यांची वाक्यं घेतली की गाडी परत फिरते. त्या घोषणा खऱ्या असतात, त्यांच्यामागचं दुःखही खरं असतं. पण उरलेलं वर्षभर भाताच्या शिवारात, शाळेत, सरकारी कचेरीच्या खिडकीपुढं माणसं कोणत्या भाषेत कसं निभावतात, ते कुठं दिसत नाही.

१९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन स्थापन झाली आणि थिएटरात मुख्य चित्रपटाआधी समाचारचित्र किंवा माहितीपट दाखवणं बंधनकारक झालं. एका पिढीनं देश असा पाहिला: धरणाची भिंत, नवा कारखाना, हसरा शेतकरी आणि या सगळ्यांवर एक आवाज. मराठीत तो आवाज बाळ कुडतरकरांसारख्या कसलेल्या माणसाचा असे, म्हणून कानाला गोड वाटे. पण पडद्यावरचा शेतकरी ओठ हलवताना दिसायचा आणि त्याचं म्हणणं सांगायचं दुसराच. सुखदेव, एस. एन. एस. शास्त्री यांच्यासारख्यांनी त्याच संस्थेसाठी काम करताना वेगळं काही केलं, हेही खरं. तरी पडद्यावरच्या माणसाला स्वतःची गोष्ट सांगू द्यावी, हा विचार रुजायला १९८० उजाडावं लागलं.

त्यातली एक महत्त्वाची गोष्ट आमच्याच जिल्ह्यात, निपाणीत घडली. १९८१ च्या मार्च-एप्रिलमध्ये तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी महामार्ग अडवला आणि पुढे गोळीबारात माणसं मेली. साऱ्या महाराष्ट्राची नजर तिकडं लागली. त्याच तंबाखूची दुसरी गोष्ट मात्र वखारींच्या आत चालू होती. कुटलेला पाला चाळणाऱ्या, धुळीत दिवसभर खोकणाऱ्या, मालकाची मर्जी फिरली की काम गमावणाऱ्या बायका संघटना बांधत होत्या. तिथं रस्ता अडलेला नव्हता, गर्दीचं दृश्य नव्हतं.

दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांच्या ‘युगांतर’ गटानं पुण्याच्या घरकामगार बायकांवर ‘मोलकरीण’ केला होता. त्यानंतर हा गट निपाणीला आला आणि काही महिने या बायकांबरोबर राहिला. १९८२ चा ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ हा सुमारे पंचवीस मिनिटांचा माहितीपट त्यातून उभा राहिला. संघटना बांधतानाचे कळीचे प्रसंग कॅमेरा येण्याआधीच घडून गेले होते. ते बायकांनी स्वतः पुन्हा करून दाखवले. निवेदनही त्यांच्याच साक्षींतून विणलं गेलं. एकीचं बोलणं दुसरी पुढं नेते, आणि ऐकताना ती कुणा एकीची कर्मकहाणी उरत नाही.

पुन्हा करून दाखवलेलं खरं कसं मानायचं? ही शंका जुनी आहे आणि रास्त आहे. रॉबर्ट फ्लाहर्टीनं १९२२ च्या ‘नानूक ऑफ द नॉर्थ’मध्ये बंदूक वापरणाऱ्या इनुइट शिकाऱ्यांना भाल्यानं शिकार करायला लावली, आत उजेड यावा म्हणून बर्फाचं घर अर्धवटच बांधून घेतलं. नायकाचं खरं नाव अल्लाकारियालाक होतं, ‘नानूक’ हे फ्लाहर्टीनं दिलेलं. पाहणाऱ्याला हवा असलेला भूतकाळ त्या माणसांकडून करून घेतला गेला. निपाणीत काय दाखवायचं ते बायकांशी बोलून, त्यांच्या कलानं ठरलं. दोन्हीकडं अभिनय आहे, पण तो कुणाच्या सांगण्यावरून आणि कुणासाठी, इथं माझ्या लेखी सगळा फरक पडतो.

कथाकथनावर वाढलेल्या आमच्यासारख्यांना हे पचायला थोडं जड जातं. शंकर पाटील, व्यंकटेश माडगूळकर, द. मा. मिरासदार यांनी एकट्याच्या गळ्यातून अख्खं गाव उभं केलं, पाटलाचा दरारा आणि म्हातारीचा कुरकुरता सूर एकाच तोंडून ऐकवला. तिथं सोंग आणणं हाच करार असतो आणि श्रोत्याला तो ठाऊक असतो. माहितीपटवाल्यानं तोच अधिकार घेतला, की माणूस समोर असून मुका होतो. त्यानं ऐकायचं, वाट पाहायची आणि जोडणी करायची. जोडणीतही त्याची मर्जी उतरतेच, म्हणून ती जोखीम त्या माणसांना सांगून घ्यावी.

आनंद पटवर्धनांनी मुंबईतल्या रमाबाई नगरच्या १९९७ च्या गोळीबारापासून, शाहीर विलास घोगरेंच्या आत्महत्येपासून धागा धरला आणि ‘जय भीम कॉम्रेड’ पुरा व्हायला चौदा वर्षं लागली. एवढ्या काळात शाहिरांची गाणी बदलत गेली, माणसं बदलली, आणि हा बदलच त्या चित्रपटाचं कथानक झाला. सर्वनिक कौर यांच्या ‘अगेन्स्ट द टाइड’मध्ये (२०२३) राकेश आणि गणेश हे दोन कोळी मित्र आपसांत बोलतात, भांडतात, आणि समुद्रातली घटती मासळी त्यांच्या मैत्रीत शिरते. निवेदकाविना नुसतं पाहत राहण्याच्या अशा पद्धतीचा आज मोठा सन्मान होतो, सनडान्स महोत्सवात या चित्रपटालाही तो मिळाला. मला चित्रपट मनापासून आवडला. तरी सगळं जणू आपोआप घडतंय असं वाटायला लावणारी जोडणी पाहताना निपाणीच्या बायका आठवतात. आपली गोष्ट कशी मांडली जातेय हे त्यांना माहीत होतं, आणि ती मांडणाऱ्यांत त्याही होत्या.

‘युगांतर’चे माहितीपट अलीकडे बर्लिनच्या आर्सेनल संस्थेत डिजिटल रूपात जतन झाले. कडोलीत दर वर्षी मराठी साहित्य संमेलन भरतं, निपाणी तिथून महामार्गानं फार दूर नाही. एखाद्या वर्षी परवानगी मिळवून हा माहितीपट तिथं दाखवावा. वखारीत आयुष्य काढलेल्या बायकांना पाहुण्या म्हणून बोलवावं, आणि नंतरच्या चर्चेत पहिला माईक त्यांच्या हातात द्यावा. यातलं काय राहून गेलं आणि चाळीस वर्षांत काय बदललं, हे त्याच सांगू शकतील. मोबाइलवर चित्रण करणारी आमची मुलं त्यांच्यासमोर बसलेली असावीत.