जळता पलंग आणि माणसाचे काळीज

आत्मा जर कशानेच मळत नाही, तर नशेने बिघडते ते नेमके कोणाचे? वेदान्तातला हा जुना प्रश्न बुलढाणा जिल्ह्यात शेगावच्या एका कथेमुळे घरोघर पोचला आहे. दासगणूंच्या ‘श्रीगजाननविजय’ या ग्रंथात ब्रह्मगिरी नावाचा गोसावी येतो. मळ्यात संध्याकाळी तो गीतेच्या दुसऱ्या अध्यायावर निरूपण करतो. विषय असतो आत्म्याला आग जाळू शकत नाही हा. गजानन महाराज जवळच पलंगावर बसून चिलीम ओढत असतात. चिलमीची ठिणगी पलंगावर पडते आणि लाकूड पेट घेते. भक्त विझवायला धावतात, पण महाराज त्यांना अडवतात आणि ब्रह्मगिरीला पलंगावर येऊन बसायला फर्मावतात. गोसाव्याची गाळण उडते. आत्म्याबद्दल तो जे सांगत होता ते खोटे नव्हते, फक्त ते त्याचे नव्हते.

शब्दज्ञान वेगळे आणि अनुभव वेगळा, असा या कथेचा अर्थ नेहमी सांगितला जातो. तो बरोबरच आहे. पण कथेत आणखी एक गोष्ट आहे आणि पारायणात ती सहसा निसटते. आत्मा जळत नसेल, पलंग मात्र जळत होता. आगीला समोरच्याचा श्लोक पाठ आहे की नाही याच्याशी देणेघेणे नसते. जो त्या पलंगावर बसून राहू शकतो त्याच्या नावावर, जो बसू शकत नाही त्याने सवलत मागू नये.

महाराजांच्या चिलमीचा दाखला देऊन नशेसाठी अशी सवलत मागितली जाते, म्हणून हा मुद्दा काढावा लागतो. महाराज शेगावात प्रकट झाले २३ फेब्रुवारी १८७८ रोजी आणि समाधिस्थ झाले ८ सप्टेंबर १९१० रोजी. त्या काळच्या वऱ्हाडात गांजा ही चोरून ओढायची वस्तू नव्हती. तो परवान्याच्या दुकानात मिळे आणि सरकार त्यावर कर घेई. १८९३ साली नेमलेल्या भांग-गांजा आयोगाने देशभर साक्षी घेतल्या. गोसावी, बैरागी आणि शिवभक्त यांच्यात गांज्याला धार्मिक स्थान असल्याची नोंद त्याने केली आणि बेताच्या सेवनाने फारसे नुकसान होत नाही असा निष्कर्ष काढला. मठात किंवा धुनीपाशी चिलीम भरणे हा एक विधीच असे: तळाशी खडा, वर चुरलेला गांजा, त्यावर निखारा, तोंडाशी ओली छापी, आणि मग एकाच चिलमीची फेरी. काशीहून आलेल्या एका गोसाव्याने महाराजांना गांज्याचा नवस केला होता आणि तो फेडायला तो शेगावी आला, अशी कथाही याच ग्रंथात आहे. महाराज त्या पदार्थाच्या अधीन नव्हते, कमळाच्या पानावरच्या पाण्यासारखे अलिप्त होते, हे दासगणू तिथेच सांगतात. हा खुलासा त्यांना करावासा वाटला यातच सारे आले. वाचणारा नेमका काय उचलेल याची त्यांना धास्ती असावी.

अलिप्तता ही दाव्याने सिद्ध होत नाही, परीक्षेने होते, एवढे मान्य केले की पुढचा प्रश्न शरीराचा उरतो. तो कोकेनच्या उदाहरणावर नीट पारखता येतो. गांजाभोवती शिवाचे, साधूंचे, होळीच्या भांगेचे वलय आहे. कोकेनभोवती भारतात असे काही नाही. अँडीज पर्वतातले लोक कोकाची पाने शतकानुशतके चघळत आणि धरणीमातेला वाहत आले आहेत. पण पान वेगळे आणि त्यातून काढलेला अर्क वेगळा. तो अर्क अल्बर्ट नीमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८६० च्या सुमारास वेगळा केला. १८८४ मध्ये कार्ल कोलर याने डोळ्याच्या शस्त्रक्रियेत बधिरतेसाठी तो वापरला आणि त्याच वर्षी सिग्मंड फ्रॉइडने त्याची भलामण करणारा निबंध लिहिला. भारतात हा पदार्थ आला तो विड्यातून. एकोणिसावे शतक संपताना आणि विसावे सुरू होताना मुंबई-कलकत्त्याच्या गल्ल्यांत कोकेन चुन्याबरोबर पानात घालून खाल्ले जाई, सरकारी निर्बंध आल्यावर बंदरातून चोरून उतरवले जाई. खर्रा आणि नागपुरी पान ज्या भागात रोजचे आहे, तिथल्या वाचकाला हे चित्र परके वाटू नये. जिल्ह्यात आज रोजचे व्यसन तंबाखू आणि दारूचे आहे. कोकेन महाग, म्हणून ते मोठ्या शहरांतल्या पैसेवाल्यांत फिरते, आणि बुलढाण्याची शिकायला-नोकरीला गेलेली मुले त्याच शहरांत राहतात.

कोकेन हृदयाचे काय करते हे समजण्यासाठी मज्जातंतूच्या टोकाशी जावे लागते. तिथून नॉरअ‍ॅड्रेनॅलिन हे रसायन बाहेर पडते, आपले काम करते आणि पुन्हा आत ओढले जाते. कोकेन ही परतीची वाट अडवते. रसायन बाहेर साचते आणि शरीर, समोर वाघ उभा राहिल्यासारखे, पळायच्या तयारीत राहते. नाडी धावते, रक्तदाब चढतो, हृदयाच्या स्नायूला जास्त प्राणवायू लागतो. नेमक्या त्याच वेळी हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या आकसतात. मागणी वाढली आणि पुरवठा तुटला, असा दुहेरी पेच पडतो. त्यात रक्तातल्या चपट्या पेशी एकमेकींना चिकटू लागतात आणि गुठळी व्हायला सोपे जाते. सोबत सिगारेट असली तर धमन्या आणखी आकसतात. दारू असली तर यकृतात कोकाएथिलीन नावाचे नवे संयुग बनते. तेही विषारी असते आणि कोकेनपेक्षा जास्त वेळ टिकते.

हे एका मात्रेचे झाले. वर्षानुवर्षे घेणाऱ्याच्या बाबतीत धमनीचे आतले अस्तरच बिघडते आणि जो मेदाचा थर साठीत दिसावा तो तिशी-चाळिशीत दिसू लागतो. सततच्या दाबाने हृदयाचा डावा कप्पा जाड होतो. काहींचे हृदय पुढे उलट सैल पडून फुगते आणि रक्त ढकलण्याची त्याची ताकद कमी होते. कोकेन हृदयातील विद्युतवहनाच्या सोडियम मार्गिकाही अडवते, म्हणून ठोक्यांची लय बिघडते आणि काही वेळा लयीचा हा बिघाडच मृत्यूचे कारण ठरतो. दाब एकदम चढल्याने महाधमनीचे अस्तर चिरते किंवा मेंदूत रक्तस्राव होतो. सुईने टोचून घेणाऱ्यांना हृदयाच्या झडपांचा जंतुसंसर्ग होतो तो वेगळाच. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, कोकेन घेतल्यानंतरच्या पहिल्या तासाभरात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे २४ पटींनी वाढल्याचे आढळले. झटका येणाऱ्यांत असे तरुणही असतात ज्यांच्या धमन्या तपासल्यावर जवळपास स्वच्छ निघतात. धमनी काही मिनिटे मुठीसारखी आवळली गेली होती, एवढाच मागमूस राहतो.

इथे कर्मफलाचा विचार करणाऱ्यांची अडचण होते. व्यसनाने आलेला रोग म्हणजे पापाची शिक्षा, असे म्हणणे सोपे आहे आणि गावात ते सर्रास म्हटले जाते. पण शिक्षेला काही प्रमाण असावे लागते. कोकेनच्या बाबतीत ते नाही. एखाद्याला पहिल्याच मात्रेत झटका येतो, दुसरा कित्येक वर्षे घेऊन चालताफिरता राहतो. ही अदालत असेल तर फारच बेभरवशाची म्हणावी लागेल. शरीर न्याय करत नाही. ते फक्त घडलेल्या गोष्टीला उत्तर देते. शिक्षेची भाषा सोडली की कर्मविचार टाकावा लागत नाही, उलट तो जास्त खरा होतो: कृती आणि परिणाम यांची साखळी आहे, तिच्यात कोणाचा राग नाही.

आयुर्वेदाने या साखळीची पहिली कडी कुठे आहे ते दाखवले आहे. चरकसंहितेत रोगाच्या मुळाशी ‘प्रज्ञापराध’ मानला आहे, म्हणजे धी, धृती आणि स्मृती या तिन्ही ढळल्यामुळे हातून घडणारे चुकीचे कर्म. व्यसनाचे इतके नेमके वर्णन क्वचितच सापडते. अपायकारक ते हितकारक वाटते, ही धी ढळली. कळूनही हात आवरत नाही, ही धृती ढळली. मागच्या वेळी काय झाले होते ते ऐन वेळी आठवत नाही, ही स्मृती ढळली. याच ग्रंथात मदात्ययाच्या प्रकरणात मद्य हृदयात शिरून तिथल्या ओजाच्या गुणांना आपल्या विरुद्ध गुणांनी बिघडवते आणि त्यातून मन क्षुब्ध होते, असे सांगितले आहे. चरकाचे हृदय आणि आजच्या डॉक्टरचे हृदय ही एकच वस्तू नव्हे, आणि चरकाला सगळे आधीच ठाऊक होते असा दावा करायचेही कारण नाही. पण नशेचा पहिला घाव हृदयावर बसतो आणि तिथून माणसाचा तोल जातो, हे त्याने धरले होते.

मग अवघड प्रश्न येतो तो कर्त्याचा. पाणिनीच्या व्याकरणात जो स्वतंत्र तो कर्ता, अशी व्याख्या आहे. मेंदूतल्या डोपामिनचीही परतीची वाट कोकेन अडवते. सुख सुरुवातीला उसळते, पुढे तेवढ्या मात्रेत मिळेनासे होते, मात्रा वाढते, आणि शेवटी सुख उरत नाही, ओढ तेवढी उरते. त्या टप्प्यावर माणूस घेतो आहे असे म्हणायचे की त्याच्याकडून घेतले जात आहे? सगळे स्वातंत्र्य संपले म्हणावे तर सुटणारे सुटले नसते. पूर्ण शाबूत आहे म्हणावे तर इतक्यांना मदत लागली नसती. यातून निघणारे उत्तर असे की स्वातंत्र्य ही असते किंवा नसते अशी वस्तू नाही. ते कमी होते आणि परत मिळवता येते. वारकऱ्याची माळ हे काम पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहे. माळकरी रोज नव्याने निर्धार करत बसत नाही. त्याने एकदा ठरवलेले असते, आणि सोबतीला फडावरचे लोक असतात. जिल्ह्यातल्या विहारांत म्हटल्या जाणाऱ्या पंचशीलातले पाचवे शीलही नशेला नकार देते, आणि कारण देते ते प्रमादाचे, बेसावधपणाचे. तिथे पापाचा धाक नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे, तीही माणसाला स्वतःचा मालक करण्यासाठी.

कायद्यानेही हा अर्धस्वतंत्र कर्ता ओळखला आहे. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात कोकेन बाळगणे हा गुन्हा आहे. २ ग्रॅमपर्यंत अल्प मात्रा धरतात, १०० ग्रॅमच्या वर व्यापारी. पण याच कायद्याच्या ६४ अ कलमानुसार, सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला गेला आणि ते पूर्ण केले, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळते. दोषी की रुग्ण, या वादात संसदेने दोन्ही शब्द शाबूत ठेवले आणि निवड त्या माणसाच्या पावलावर सोडली. हृदयाचेही काहीसे असेच आहे. कोकेन पूर्ण सुटल्यावर फुगलेल्या हृदयाची ताकद काही रुग्णांत सुधारते. मेलेला स्नायू मात्र परत येत नाही.

जळत्या पलंगापुढे ब्रह्मगिरीची सुटका झाली ती भीती लपवली नाही म्हणून. महाराजांपुढे तो शरण गेला, आपले ज्ञान कोरडे असल्याचे त्याने कबूल केले. व्यसनात लपवणेच घातक ठरते. छातीत दुखू लागलेला तरुण दवाखान्यात आईवडिलांसमोर कोकेनचे नाव घेत नाही आणि डॉक्टर नेहमीच्या झटक्याप्रमाणे उपचार सुरू करतात. कोकेन ताजे असताना हृदयविकारात एरवी उपयोगी पडणारी बीटा-ब्लॉकर गटातली काही औषधे धमन्या आणखी आवळू शकतात, म्हणून सुरुवातीच्या काही तासांत ती सहसा टाळतात आणि आधी शामक औषधे व धमन्या सैल करणारी औषधे देतात. काय घेतले आणि किती वाजता घेतले, या दोन वाक्यांवर उपचार बदलतो. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मोफत मिळते. ती आली की सोबत्याने ही दोन वाक्ये आधी सांगावीत.