दुसऱ्या शिखराची वाट बघ

चि. छकुलीस,


पहिल्या पगारातून गायगर काउंटर घेतलास आणि महिन्याच्या आत तो कपाटात गेला, हे वाचलं. "कुठेही ठेवला तरी टिकटिकतो. पुढे काय करायचं?" असं विचारलंयस. पुढे पुष्कळ आहे. शाळेत फिजिक्स शिकवून निवृत्त झाल्यापासून मी त्या पुढच्यातच रमले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गायगर काउंटर म्हणजे देवळाच्या दानपेटीबाहेर कान देऊन बसलेला माणूस. नाणी किती पडली ते तो सांगेल, पण रुपया पडला की दहाचं नाणं, ते त्याला कळणार नाही. ते कळायला स्फटिक लागतो. रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी १९४८ मध्ये थॅलियमचा अंश घातलेल्या सोडियम आयोडाइडच्या स्फटिकाचा हा उपयोग दाखवून दिला. गॅमा किरण त्यात ऊर्जा टाकतो आणि क्षणभर उजेड चमकतो. ऊर्जा जास्त, तर उजेड जास्त. त्या उजेडाचं विजेच्या स्पंदनात रूपांतर होतं, आणि ही स्पंदनं कॉम्प्युटरच्या साऊंड कार्डमधूनसुद्धा मोजता येतात. उंचीप्रमाणे त्यांचे ढीग लावत गेलं की रात्रभरात आलेख उभा राहतो. तोच गॅमा वर्णपट. सगळी ऊर्जा टाकणाऱ्या किरणांचं त्यात शिखर होतं. काही किरण आपली थोडीच ऊर्जा टाकून निसटतात, त्यांची शिखराआधी एक पसरट चढण दिसते. तिला फसू नकोस, शिखराकडे बघ.

असं स्फटिकाचं यंत्र घेतलंस की सुरुवात पोटॅशपासून कर. मामाच्या शेतावर उसाला घालतात ते म्युरिएट ऑफ पोटॅश किलोभर माग आणि पिशवी यंत्राला टेकवून ठेव. दर दहा हजार पोटॅशियम अणूंमागे साधारण एक अणू पोटॅशियम-४० चा असतो. त्याचं अर्धायुष्य सुमारे १२५ कोटी वर्षांचं, म्हणजे पृथ्वी जन्मली तेव्हापासूनचा साठा अजून संपलेला नाही. त्या किलोभर खतात दर सेकंदाला १५,००० च्या आसपास अणू फुटतात. त्यांतल्या दहातला एखादाच गॅमा किरण सोडतो, पण सोडतो तो नेहमी १४६१ किलो इलेक्ट्रॉनव्होल्टचाच. सकाळी उठून आलेखाच्या उजव्या बाजूला ते एकटं शिखर पाहशील, तेव्हा मी काय म्हणते ते कळेल. त्याच पोटॅशियमचे काही हजार अणू दर सेकंदाला तुझ्या-माझ्या अंगातही फुटत असतात.

मग यंत्र स्वयंपाकघरातल्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर एक रात्र ठेव, आणि गावी गेलीस की काळ्या दगडाच्या जोत्यावर एक रात्र. आपल्या दख्खनच्या बेसाल्टमध्ये पोटॅशियम, थोरियम, युरेनियम तिन्ही कमी, ग्रॅनाइटमध्ये जास्त. पाठ्यपुस्तकातली ही ओळ तुझ्या दोन आलेखांत समोरासमोर उभी राहील.

आता माझ्या हातून झालेली एक चूक सांगते, कारण या छंदात मी सगळ्यात जास्त तिच्यापासूनच शिकले. मे महिन्यातल्या दुपारी मी यंत्राचं मोजमाप जुळवलं होतं. जूनमध्ये वळवाची मोठी सर आली. पाऊस हवेतल्या रेडॉन वायूची अपत्यं, म्हणजे तो फुटून तयार होणारे अणू, खाली घेऊन येतो हे वाचलेलं होतं, म्हणून गाडीच्या बॉनेटवरचं पाणी टिश्यू पेपरने टिपलं, बोळा प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला आणि स्फटिकाला टेकवला. काही मिनिटांत ६४५ च्या आसपास उंचवटा आला. सीझियम-१३७ चं शिखर ६६२ ला असतं. घरगुती स्फटिकाला एवढा फरक नीट दिसत नाही. माझ्या छातीत धस्स झालं. सीझियम म्हणजे अणुभट्टीतलं द्रव्य, चेर्नोबिल आणि फुकुशिमा इथलं. मी फोनही हातात घेतला होता.

पण आधी दुसरं शिखर बघावं असं वाटलं. पोटॅशची पिशवी लावली, तर पोटॅशियम १४६१ ला न येता १५४७ च्या जवळ आलं होतं. पावसाने हवा गार झाली होती आणि गारव्याने यंत्राची सगळी पट्टीच वर सरकली होती. तेवढा फरक काढून टाकल्यावर माझं ६४५ बरोबर ६०९ वर आलं. ते बिस्मथ-२१४, रेडॉनचंच अपत्य. शिसे-२१४ चं शिखरही ३५२ ला होतं. पाऊण तासात बोळ्याची मोजणी जवळपास निम्म्यावर आली. सीझियमला निम्मं व्हायला ३० वर्षं लागतात. फोन मी खाली ठेवला.

तेव्हापासून माझा नेम एकच. एका शिखरावरून कुणाचं नाव घ्यायचं नाही. दुसरं शिखर साक्षीला हवं, नाहीतर अर्धायुष्य तरी जुळायला हवं. "किरणोत्सार" या शब्दाने माणसं घाबरतात. ज्याच्या हातात यंत्र आहे त्याने अर्धवट बोललं तर त्या भीतीत भरच पडते.

यंत्र घेताना सीझियम आयोडाइडच्या लहान स्फटिकाचं, खिशात मावणारं घे. सोडियम आयोडाइड दमट हवेत पिवळं पडतं, आणि त्याच्या उजेडाचं विजेत रूपांतर करणाऱ्या जुन्या नळीला हजार व्होल्टच्या आसपास दाब लागतो. ते काम नंतर, कुणा जाणत्याजवळ बसून शिक. बाहेरचे किरण अडवायला शिशाच्या विटा लावल्यास तर हात साबणाने धू.

आणि एवढं कटाक्षाने पाळ. किरणोत्सारी वस्तू जमवू नकोस. धूरसूचक यंत्र फोडून त्यातलं अमेरिशियम काढायचं नाही, जुन्या घड्याळाच्या तबकडीवरचं रेडियम खरवडायचं नाही. केरळच्या किनाऱ्यावरची मोनाझाइट असलेली काळी वाळू पिशवीत भरून आणायची नाही, मोनाझाइट अणुऊर्जा कायद्याच्या कक्षेत येतं. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरीत भंगारात आलेल्या कोबाल्ट-६० ने एकाचा जीव घेतला आणि अनेकांना इजा केली. भंगारात कधी यंत्राची मोजणी एकदम उसळली, तर उचलून बघू नकोस. लांब हो, इतरांना लांब कर आणि पोलिसांना व अणुऊर्जा नियामक परिषदेला कळव. आपल्या अभ्यासाला खत, दगड आणि पाऊस पुरेसे आहेत.

एक वही घाल. प्रत्येक आलेखासोबत तारीख, वेळ, तापमान, पाऊस होता की नाही आणि मोजणी किती तास चालली, हे लिहायचंच. पोटॅशचा पहिला आलेख निघाला की मला पाठव. शिखर १४६१ ला नसलं तरी पाठव, ते कुठे सरकलंय आणि का, ते आपण मिळून शोधू.

तुझी
आजी