उष्टी भांडी आणि उजळ माथा

चवथीच्या दिवसांत अंत्रुज महालातील घरे माणसांनी भरून जातात. मुंबई-पुण्याकडे पांगलेली भावंडे येतात. ज्यांना येणे शक्य नसते ती अलीकडे भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून माटोळीचे दर्शन घेतात. गेल्या चवथीला फोंड्यातील एका परिचित घरी आम्ही असाच एक प्रसंग पाहिला. त्या घरातला मुलगा इंग्लंडमध्ये व्यवस्थापनशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेतो. आरती आटोपल्यावर तो पडद्यावर दिसला. आजीने त्याच्या मनगटावरची पट्टी नेमकी हेरली आणि विचारले, ‘‘हाताला काय रे झाले, बाबा?’’ मुलगा क्षणभर थबकला. उत्तर त्याच्या आईनेच दिले, ‘‘प्रयोगशाळेत थोडे भाजले.’’

व्यवस्थापनशास्त्राला प्रयोगशाळा नसते, हे तेथे बसलेल्या बहुतेकांना ठाऊक होते. तो संध्याकाळी एका उपाहारगृहाच्या स्वयंपाकघरात काम करतो, हेही ठाऊक होते. कोणी काही बोलले नाही. आम्हीही बोललो नाही.

घरी परतल्यावर ते मौन मनातून जाईना. चोरी नव्हे, लबाडी नव्हे. स्वतःच्या कष्टाने खोलीचे भाडे भरणारा मुलगा. मग लपवायचे ते काय, आणि कोणापासून?

परदेशी शिकणाऱ्या विद्यार्थ्याला अर्धवेळ काम करण्याची मुभा अनेक देशांनी कायद्यानेच दिलेली आहे आणि कायद्यानेच तिला मर्यादा घातली आहे. ब्रिटनमध्ये पदवी वा त्यावरील अभ्यासक्रमाच्या विद्यार्थ्याला सत्र चालू असताना सर्वसाधारणपणे आठवड्याला २० तास काम करता येते. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२३ पासून पंधरवड्याला ४८ तासांची, तर कॅनडात नोव्हेंबर २०२४ पासून संस्थेच्या आवाराबाहेर आठवड्याला २४ तासांची मर्यादा आली. जर्मनीने २०२४ मध्ये वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस असे माप ठरविले. अमेरिकेत पहिल्या वर्षी मुख्यतः विद्यापीठाच्या आवारातच काम करता येते, तेही सत्रात २० तासांपर्यंत. कामे नाना प्रकारची असतात. ग्रंथालयात पुस्तके लावणे, प्राध्यापकांना संशोधनात साह्य करणे, दुकानात गल्ला सांभाळणे, गोदामात खोकी उचलणे, वृद्धाश्रमात रुग्णांची शुश्रूषा करणे, उपाहारगृहात ताटे मांडणे आणि तीच ताटे धुणे. या यादीतील पहिली दोन कामे आपण चवथीला चारचौघांत सांगतो. यादी जसजशी खाली सरकते, तसतसा आपला आवाजही खाली येतो. कायद्याने या कामांत उच्चनीच असा भेद केलेला नाही. तो आपण येथून शिदोरीसारखा बांधून मुलाबरोबर पाठविलेला असतो.

वस्तुतः परमुलखात राहून शिकणे आपल्या घराण्यांना नवे नाही. आपल्यांपैकी अनेकांचे पूर्वज सोळाव्या शतकात देवांना घेऊन जुवारी ओलांडून या महालात आले. पुढे १९६१ पर्यंत पुणे आणि मुंबई हीच आपल्याला दुसऱ्या राज्यसत्तेची नगरे होती. गोव्यात पदवी महाविद्यालये निघाली ती १९६२ साली. त्यापूर्वी ज्याला तशी पदवी हवी होती त्याला सीमा ओलांडणे भागच होते. कोणी नातेवाइकांच्या माडीवर राहिला, कोणी शिकवण्या केल्या, कोणी वार लावून जेवला. साखवळचे धर्मानंद कोसंबी संस्कृतच्या ओढीने घर सोडून काशीला पोहोचले आणि अन्नछत्रात जेवून शिकले. तेच पुढे १९१० साली पाली ग्रंथाच्या संपादनासाठी हार्वर्ड विद्यापीठात गेले. अशा कथा आपण अभिमानाने सांगतो, आणि सांगाव्यातच.

मात्र या अभिमानात एक विसंगती दडलेली आहे. वार लावून जेवणे, माधुकरी मागणे, अन्नछत्रात पंगतीला बसणे यांत विद्यार्थ्याला कमीपणा नव्हता. जेवणाच्या मोबदल्यात त्याच घरची भांडी घासणे मात्र त्याच्या कुळाला शोभले नसते. विद्येसाठी हात पसरलेले चालत होते, हात राबवलेले चालत नव्हते. ही विसंगती कर्मवीर भाऊराव पाटील यांनी ओळखली. १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन करून १९२४ साली त्यांनी साताऱ्यात वसतिगृह काढले. तेथे सर्व जातींची मुले एकत्र राहत, एकत्र जेवत आणि आपल्या अन्नासाठी स्वतः राबत. ‘कमवा आणि शिका’ ही त्यांची योजना केवळ पैशांची तोंडमिळवणी नव्हती. जो राबतो तो शिकत नाही आणि जो शिकतो तो राबत नाही, या जुन्या वाटणीवरच तो घाव होता. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे त्याही आधी अमेरिकेत मिळेल ते काम करीत शेतीशास्त्र शिकले आणि पुढे मेक्सिकोत मक्याच्या संशोधनासाठी नावाजले गेले.

यावर सुजाण पालक म्हणतील, मुलगा शिकायला गेला आहे, ताटे धुवायला नव्हे. हा आक्षेप निव्वळ प्रतिष्ठेपोटी घेतला जातो असे आम्ही मानत नाही. रात्रीच्या पाळीनंतर सकाळच्या व्याख्यानाला डोळे मिटत असतील, तर कामाने शिक्षणच गिळले असे म्हणावे लागेल. घरावर बोजा चढवून लक्षावधींचे कर्ज काढायचे आणि त्याचे हप्ते मुलाने अर्धवेळ कामातून फेडावेत अशी मनात आशा धरायची, हा त्या मुलावर अन्यायच आहे. वीस तासांत ते हप्ते निघत नाहीत. मग तो एकविसावा तास शोधतो, हिशेबात न दिसणारे रोख पैसे घेतो. आणि नियम मोडल्यामुळे मालकाने मजुरी बुडविली तरी तक्रार करण्याचे धैर्य त्याच्यात उरत नाही. त्याचा परवाना आणि शिक्षण, दोन्ही टांगणीला लागतात.

परंतु या आपत्तीला आपले मौन कसे हातभार लावते ते पाहावे. जो मुलगा आपण काम करतो हेच घरी सांगू शकत नाही, तो आपण थकलो, फसलो, भाजलो हे तरी कसे सांगणार? आजीच्या प्रश्नाला खरे उत्तर मिळाले असते, तर दुसरा प्रश्न आपोआप आला असता: किती तास उभा असतोस रे, जेवतोस कधी? ‘प्रयोगशाळा’ या एका शब्दाने ते सारे प्रश्न बंद झाले. प्रतिष्ठा राखली गेली आणि मुलगा एकटा पडला.

राहता राहिला प्रश्न, लपवायचे कोणापासून. त्याच चवथीला त्याच घराच्या मागच्या पडवीत ओडिशाकडून आलेला एक तरुण पंगतीची भांडी घासत होता. वयाने तो पडद्यावरच्या मुलाएवढाच असेल. त्याला जेवण नंतर आणि वेगळे वाढले गेले. त्याचे नाव काय, त्याला दिवसाचे किती मिळतात, हे विचारावे असे त्या दिवशी कोणाला सुचले नाही, आम्हालाही नाही. ब्रिटनमध्ये २१ वर्षांवरील कामगाराला एप्रिल २०२५ पासून तासाला किमान १२.२१ पौंड द्यावे लागत होते, मग तो विद्यार्थी असो वा नसो. तेथे श्रमाची प्रतिष्ठा सुभाषितांवर अवलंबून राहत नाही. ती तासांत मोजलेली आणि पावतीवर लिहिलेली असते. आपल्याकडे मुंडकाराला घराच्या जागेचे संरक्षण देण्यासाठी १९७५ साली कायदा करावा लागला. भाटकाराच्या अंगणात फुकट राबणारे हात ज्यांनी पाहिले, ती पिढी अजून आपल्यात आहे.

म्हणून आम्हाला वाटते, त्या आईला खरी धास्ती आजीची नव्हती, पडवीची होती. पडवीत बसलेल्याकडे आपण ज्या नजरेने पाहतो, तीच नजर आपल्या मुलावर पडेल, हे ते भय. मुलाला कामावरून काढून ते जाणार नाही आणि खोटे बोलूनही जाणार नाही. पडवीकडे पाहण्याची रीत बदलली तरच ते जाईल, आणि ते सर्वस्वी आपल्या हाती आहे. पुढच्या चवथीला भांडी घासणाऱ्याची मजुरी आधी ठरवावी, त्याला नावाने हाक मारावी आणि पंगतीला बसवावे. मग पडद्यावरच्या नातवाला आजीने हाताचे विचारले, तर त्यालाच उत्तर देऊ द्यावे.